स्वतः बांधलेल्या विमानातील आसन आणि सुरक्षापट्टे: मापापासून ओढ-चाचणीपर्यंत

स्वतः विमान बांधणारे बहुतेक जण आसनाकडे सर्वांत शेवटी वळतात. पंख जोडून होतात, इंजिन बसते, रंगसुद्धा ठरतो, आणि मग एके दिवशी आसनाचे पत्रे घेऊन सीटवाल्याकडे जाऊन "चांगली गादी करून द्या" एवढेच सांगितले जाते. पट्टे तर त्याच्याही नंतर, जिथे हाताला सोयीची नळी लागेल तिथे अडकवले जातात. हा क्रम उलटा आहे. नाशिकला अंबडच्या एका शेडमध्ये आमच्या दोन आसनी विमानाचे काम करताना मीही याच क्रमाने गेलो आणि खांद्याच्या पट्ट्यांसाठी जोडलेली, रंगवून तयार झालेली आडवी नळी कापून पुन्हा वर जोडावी लागली.

झाले असे की, नुसत्या पत्र्यावर एक पातळ गादी टाकून मी बसलो होतो, खांद्याची उंची मोजली होती आणि नळी बरोबर त्या पातळीवर बसवली होती. नंतर शहरातल्या एका दुकानात मोटारीच्या सीटचा जाड फोम घालून गादी शिवून आणली, तेव्हा खांदा ४५ मिलिमीटर वर गेला. खांदा आणि नळी यांच्यात अंतर होते २५० मिलिमीटर, म्हणजे पट्टा आता खांद्यावरून मागे जाताना सुमारे १० अंश खाली उतरत होता. हा उतार ५ अंशांपेक्षा जास्त नसावा असा संकेत आहे. पट्टा मागे खाली उतरत असेल तर धक्क्याच्या वेळी तो माणसाला धरून ठेवतो खरा, पण त्याच वेळी खालीही दाबतो आणि तो दाब थेट मणक्यांवर येतो. आमच्याकडे अधूनमधून येणारे, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका ते पाहून म्हणाले, "अरे, पट्टा सीटचा नसतो, सांगाड्याचा असतो. आधी माणूस बसव, मग मला नळी कुठं जोडायची ते सांग." या लेखातील सगळा क्रम त्या एका वाक्यावर उभा आहे: आधी शरीराची जागा, मग फोम, मग पट्ट्यांचे कोन, मग ब्रॅकेट (पट्टा सांगाड्याला जोडणारा धातूचा तुकडा), आणि कव्हर सर्वांत शेवटी.

किती जोर धरायचा

अमेरिकेच्या छोट्या विमानांच्या प्रमाणन-नियमांत आपत्कालीन उतरणीसाठी दीर्घकाळ जे आकडे होते, ते हौशी बांधकामालाही चांगला आधार देतात: बसलेल्या माणसावर पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ९ पट, वरच्या दिशेने ३ पट आणि बाजूला दीडपट जोर येईल असे धरायचे, आणि आसन व पट्टे जिथे सांगाड्याला जोडले जातात त्या सांध्यांसाठी तो जोर आणखी १.३३ ने गुणायचा.

नऊ पट हा आकडा ऐकायला फार मोठा वाटतो, पण तो प्रत्यक्षात काय आहे ते पाहा. विमान ४५ नॉटने, म्हणजे ताशी साधारण ८३ किलोमीटरने, शेताच्या बांधावर जाऊन आदळले आणि सारख्या जोराने थांबत गेले, तर नऊ पटीच्या मर्यादेत थांबायला त्याला सुमारे तीन मीटर अंतर मिळावे लागते. द्राक्षबागेच्या मांडवात शिरलेल्या विमानाला एवढे अंतर मिळू शकते, बांधाला थेट धडकलेल्याला कदाचित मिळणार नाही. माणसाचे शरीर मात्र नीट बांधलेले असेल तर याहून बरेच जास्त सोसते. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत बसून ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगावरून १.४ सेकंदांत थांबले. त्यांच्या शरीराने ४६.२ पट जोर झेलला आणि ते जगले. म्हणून आसन व पट्टे हिशेबापेक्षा मजबूत करण्यात श्रम वाया जात नाहीत.

आपल्या विमानासाठी हिशेब असा करावा. माणूस ८६ किलोचा धरला तर ८६ गुणिले ९ म्हणजे ७७४ किलो, आणि सांध्यांसाठी १.३३ ने गुणल्यावर १,०२९ किलो. यातला ६० टक्के भार कमरेच्या पट्ट्यावर आणि ४० टक्के खांद्याच्या पट्ट्यांवर येतो असे मानण्याची पद्धत आहे. म्हणजे कमरेवर ६१७ आणि खांद्यांवर ४१२ किलो. इथे बरेच जण थांबतात आणि चूक करतात. कमरेचा पट्टा दोन बाजूंना वाटला जातो म्हणून एका बाजूला ३०९ किलो येतात हे बरोबर, पण तो आडवा नसून तिरका असतो. आडव्या रेषेशी ५० अंशांचा कोन असेल, तर पुढचा ३०९ किलोचा जोर रोखण्यासाठी पट्ट्यात प्रत्यक्ष ताण सुमारे ४८० किलो तयार होतो. ब्रॅकेट या ४८० किलोंसाठी आणि त्याच तिरक्या दिशेत तपासायचा असतो. खांद्याचे दोन पट्टे मागे एकत्र होऊन एकाच जागी जोडले असतील तर त्या एका जागेवर सगळेच्या सगळे ४१२ किलो येतात.

शरीराची जागा

सुरुवात प्लायवूडने करावी. १२ मिलिमीटर प्लायच्या बैठकीला आणि पाठीला बिजागरी लावून, खाली लाकडी पाचरी सरकवून कोन बदलता येईल असा साचा विमानाच्या सांगाड्यातच ठेवावा. बैठकीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा उंच असावा, साधारण १० अंशांचा चढ मला योग्य वाटतो. त्याने मांड्यांना आधार मिळतोच, पण त्याचे खरे काम म्हणजे धक्क्याच्या वेळी माणसाला कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरू न देणे. पाठ फार मागे झुकवण्याचा मोह टाळावा, कारण जितके मागे रेलावे तितकी ही घसरण सोपी होते.

विमान चालवणाऱ्यांतला सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका माणूस आळीपाळीने साच्यात बसवावा, डोक्यावर हेडफोन असावाच. चार गोष्टी पाहाव्यात: डोक्यावर कॅनोपीपर्यंत, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक छतापर्यंत, किमान चार बोटे जागा राहते का, रडरचे (शेपटीवरच्या सुकाणूचे) पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहतो का, समोरच्या पॅनेलवरून पुढची जमीन पुरेशी दिसते का, आणि स्टिक (विमान चालवण्याचा दांडा) पूर्ण मागे ओढल्यावर ती पोटाला किंवा मांडीला अडते का. यातली शेवटची गोष्ट बसूनच कळते, कागदावर कळत नाही.

फोम

मोटारीचा साधा फोम विमानात वापरू नये, आणि हा सल्ला केवळ आरामाबद्दल नाही. साधा फोम स्प्रिंगसारखा वागतो. विमान जोरात खाली आपटते तेव्हा आसनाचा पत्रा थांबतो, पण माणूस फोम दाबत खाली जातच राहतो आणि फोम संपल्यावर पत्र्यावर एकदम थांबतो, म्हणून त्याच्या मणक्यावर पत्र्यावरच्यापेक्षा जास्त जोर येतो. त्यात भर म्हणजे फोम उसळी मारून त्याला वर फेकतो. विमानांसाठी ऊर्जा शोषणारा, हळू दबणारा आणि हळूच परत येणारा फोम मिळतो. त्यातला कॉन्फोर बांधकाम करणाऱ्यांना परिचित आहे आणि तो रंगांवरून ओळखला जातो: पिवळा सर्वांत मऊ, मग गुलाबी, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कडक. तळाला कडक आणि वर मऊ असे थर लावावेत. आमच्या आसनात तळाला हिरव्याचा २५ मिलिमीटर, त्यावर निळ्याचा २५ आणि वर गुलाबीचा १२ मिलिमीटरचा थर आहे. माकडहाडाच्या जागी वरच्या दोन थरांत अंड्याच्या आकाराची पोकळी कापली आहे, त्यामुळे दोन तासांनी होणारी ठणक थांबली. कापायला हॅकसॉचे लांब पाते चांगले. गोंद मात्र फक्त कडेला थोडासा लावावा, कारण गोंदाचा सलग थर वाळल्यावर कडक होतो आणि आगीला खाद्यही पुरवतो.

या फोमची एक सवय आपल्या भागात मुद्दाम लक्षात घ्यावी लागते. तो तापमानावर अवलंबून असतो. जानेवारीत निफाडकडे पारा एका आकड्यावर येतो, त्या दिवसांत पहाटे उघड्या शेडमधल्या विमानात बसा, गादी फळीसारखी लागते आणि अंगाच्या उबेने पंधरा-वीस मिनिटांनी खाली बसते. एप्रिलच्या दुपारी, कॅनोपीखाली तापलेल्या कॉकपिटमध्ये तोच फोम लोण्यासारखा मऊ असतो. बसायची उंची त्यामुळे बदलते. म्हणून खांद्याची उंची दोनदा मोजावी, थंड गादीवर बसल्याबरोबर आणि गादी ऊब धरल्यावर वीस मिनिटांनी, आणि पुढचे सगळे कोन या दोन्ही उंचींना मर्यादेत राहतील असे ठरवावेत.

आगीची परीक्षा घरीही करता येते. फोम, गोंद आणि कव्हर एकत्र जोडलेला नमुना उभा टांगून त्याच्या खालच्या कडेला १२ सेकंद ज्योत धरावी. मोठ्या विमानांच्या गाद्यांसाठी अशा परीक्षेत नमुना ८ इंचांपेक्षा जास्त जळू नये, ज्योत काढल्यावर १५ सेकंदांच्या आत विझावा आणि खाली गळालेले थेंब ५ सेकंदांत विझावेत अशी अपेक्षा असते. ही परीक्षा मोकळ्या मैदानात, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहून आणि बादलीभर पाणी जवळ ठेवून करावी, कारण जळणाऱ्या पॉलियुरेथेन फोममधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही विषारी वायू निघतात. आमच्या पहिल्या जाड गादीचा तुकडा या परीक्षेत काही क्षणांत पेटून ठिबकू लागला होता. ते पाहिल्यावर तो फोम विमानातच काय, शेडमध्येही ठेवावासा वाटला नाही.

पट्ट्यांचे कोन

आता फोम जागेवर आहे, त्यावर माणूस बसला आहे, फोम दबला आहे. यानंतरच दोरी, ओळंबा आणि कोनमापक हातात घ्यावेत. विमान उड्डाणाच्या समपातळीत टेकू देऊन उभे करावे, नाहीतर सगळे कोन चुकतील.

कमरेचा पट्टा कमरेच्या पुढच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांच्या खालून, मांडीच्या घडीवरून गेला पाहिजे, पोटावरून कधीच नाही. तिथून अडकवण्याच्या जागेपर्यंत त्याचा आडव्या रेषेशी कोन ४५ ते ५५ अंश असावा. यापेक्षा आडवा असेल तर माणूस त्याच्याखालून घसरतो, आणि फार उभा असेल तर पट्टा घट्ट होण्याआधी शरीर बरेच पुढे जाते. दोरीचे एक टोक बक्कलच्या जागी धरून दुसरे टोक सांगाड्याकडे न्यावे, कोन मोजावा आणि ५० अंशांवर खूण करावी. आसन पुढेमागे सरकणारे असेल तर दोन्ही टोकांच्या जागी खूण करून मधली जागा निवडावी.

खांद्याचा पट्टा खांद्यावरून मागे जाताना आडवा किंवा थोडा वर चढणारा असावा. वरचा चढ ३० अंशांपर्यंत चालतो, खालचा उतार ५ अंशांपेक्षा जास्त चालत नाही. दोन पट्टे मानेच्या मागे फार लवकर एकत्र केले तर ते मानेला घासतात, आणि फार दूर ठेवले तर खांद्यावरून सुटतात. त्यासाठी पाठीच्या वरच्या कडेला दोन खाचा ठेवाव्यात. खाचांचे काम फक्त पट्टे जागेवर ठेवण्याचे आहे, भार घेण्याचे नाही. पट्टे आसनाच्या पाठीलाच अडकवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ते सोपे दिसते. मग पाठ, तिची बिजागरी आणि तिचा खटका या सगळ्यांनी ते ४१२ किलो पेलले पाहिजेत. हौशी बांधकामातल्या घडीच्या पाठी बहुधा ते पेलत नाहीत.

आणखी एक बाब लांबीची आहे. पट्ट्याचे टोक शेपटीकडे दोन मीटर दूर नेले तर तेवढी लांबी ताणली जाते आणि डोके पॅनेलपर्यंत पोचते. अडकवण्याची जागा जितकी खांद्याच्या जवळ तितके चांगले, आणि पट्टा नायलॉनऐवजी पॉलिएस्टरचा असावा, कारण तो कमी ताणतो आणि उन्हातही जास्त टिकतो.

जांघेतला पाचवा पट्टा माणसाला धरत नाही. खांद्याचे पट्टे ओढले की ते बक्कल पोटाकडे वर खेचतात, ते खाली धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. मागे रेललेल्या आसनात मी तो आवश्यक मानतो.

ब्रॅकेट आणि बोल्ट

इथे घाई नको. विमानांसाठीच्या प्रमाणित पाव इंची एएन-४ बोल्टची कातरण्याविरुद्धची ताकद ३,६८० पौंड, म्हणजे जवळजवळ १,६७० किलो असते, म्हणून योग्य बोल्ट सहसा तुटत नाही. फाटतो तो पत्रा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर ठेवावे, आणि मी स्वतः अडीचपट ठेवतो. ब्रॅकेट ४१३० क्रोममॉली पोलादाचा असावा. तो पट्ट्याच्या ओढीच्या दिशेतच वळवलेला असावा, म्हणजे धक्क्यात वाकणार नाही. बोल्टवर भार आडवा यावा आणि भोकात बोल्टचा गुळगुळीत भाग राहावा, आटे नव्हेत. जिथे पट्ट्याचे टोक फिरते राहायला हवे तिथे बुश, खाचेची नट आणि स्प्लिट पिन लावावी.

पातळ पत्र्याच्या विमानात ब्रॅकेट नुसत्या पत्र्याला कधीच लावू नये. मागे लाँगेरॉन (सांगाड्याचा लांबीच्या दिशेतला मुख्य दांडा) किंवा आडवा खण गाठावा, आणि गाठता येत नसेल तर जाड पट्टी लावून भार दोन खणांत वाटावा. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यात नळीच्या मध्यावर लग (बोल्टसाठी भोक असलेली जाड पट्टी) जोडण्याऐवजी सांध्याजवळ जोडावा. लेसरने कापलेले लग अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका दिवसात मिळतात, पण कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करणे आपल्याच हाती असते, कारण तिथल्या बारीक खाचेपासूनच तडा सुरू होतो.

पट्टे

पट्टे शिवून घेऊ नयेत, विकत घ्यावेत. चांभाराकडे किंवा सीटवाल्याकडे कितीही मजबूत यंत्र असले तरी टाक्यांची रचना, दोऱ्याची जात आणि ताण यांची खात्री आपल्याला देता येत नाही. पट्ट्याला गरम सळईने भोक पाडून त्यातून बोल्ट घालणे तर अगदी वर्ज्य, कारण भोकात कापलेले धागे भार घेतच नाहीत. कमरेच्या पट्ट्यावर टीएसओ-सी२२ आणि खांद्याच्या पट्ट्यांच्या संचावर टीएसओ-सी११४ अशी अमेरिकी विमान-मानकाची खूणचिठ्ठी पाहावी आणि उत्पादनाची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी. तीन दांड्यांच्या बक्कलमधून पट्टा परत फिरवून घ्यावा आणि बाहेर किमान चार इंच शेपूट ठेवावी, नाहीतर तो हळूहळू सरकतो. फिरकीचे बक्कल की खटक्याचे, हा आवडीचा प्रश्न आहे. मला फिरकीचे बरे वाटते, कारण एका हालचालीत पाचही पट्टे सुटतात.

कव्हर सर्वांत शेवटी शिवावे. रेक्झिन उन्हात तापते आणि घाम धरते, म्हणून आगरोधक लोकरी किंवा जाड सुती कापड चांगले. ते वेल्क्रोने बसवावे, म्हणजे काढून खालचा पत्रा पाहता येईल. बैठकीच्या पत्र्याला पाणी जायला दोन-तीन भोके ठेवावीत. पावसाळ्यात ओल गादीखाली साचली की लगच्या कडेने गंज धरतो आणि तो वरून दिसत नाही.

ओढून पाहणे

बैठकीचा पत्रा आधी वाळूने तपासावा. साध्या विमानांसाठी उड्डाणात कमाल ३.८ पट भार धरतात, म्हणजे ८६ किलोच्या माणसासाठी ३२७ किलो. आमच्याकडे कांद्याच्या गोण्या हाताशी होत्या, पण त्या ५० किलोच्या, फुगीर आणि घसरणाऱ्या असल्याने आम्ही त्या ठेवून १० किलोच्या वाळूच्या ३३ पिशव्या भरल्या आणि बसणाऱ्या माणसाच्या भारासारख्या, मागे जास्त आणि पुढे कमी अशा रचल्या. प्रत्येक पाच पिशव्यांनंतर पत्र्याखालची उंची मोजली. पिशव्या उतरवल्यावर पत्रा मूळ मापावर परत आला पाहिजे. नाही आला, तर तो कायमचा वाकला आहे आणि त्याला खालून पट्टी लागेल.

ब्रॅकेटची पूर्ण भाराची ओढ विमानावर करू नये, कारण त्यात सांगाडाच ताणला जाऊ शकतो. त्याच पत्र्याचा, त्याच बोल्टचा जुळा नमुना जाड पोलादी चौकटीत बसवावा, चेन-पुलीला लोंबता काटा जोडावा आणि पट्ट्याच्या खऱ्या कोनात ४८० किलोंपर्यंत ओढावे. आमचा पहिला लग ४१० किलोंवर वाकायला लागला, तेव्हा काका काट्याकडे न बघता भोकाच्या कडेवर बोट ठेवून उभे होते. "बघ, इथं रंगाला सुरकुती पडली," ते म्हणाले. काट्यावर तोपर्यंत काहीच दिसत नव्हते. त्यानंतर लग अर्ध्या मिलिमीटरने जाड केला आणि तो ५०० किलोंवरही सरळ राहिला.

यानंतर पट्टे घट्ट बांधून बसावे आणि स्टिक, रडर, फ्लॅप, इंधनाची कळ, सगळे दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. पट्ट्यांच्या शेपट्या कंट्रोल केबलच्या किंवा स्टिकच्या वाटेत येतात का हे दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन खालून पाहावे. शेजारचे आसन रिकामे असतानाही त्याचे पट्टे बांधलेलेच असले पाहिजेत. बक्कल दाराबाहेर लोंबत राहिले तर उड्डाणात ते अंगावरच्या पत्र्यावर आपटते आणि इंजिन बिघडल्यासारखा आवाज येतो. मग डोळे बांधून, हेडफोन घालून पट्टे सोडावेत आणि बाहेर पडावे. दहा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर काय अडते ते शोधावे. आमच्या बाबतीत ते हेडफोनची वायर खांद्याच्या पट्ट्याखालून जात होती हे होते.

शेवटी विमान पुन्हा वजनाच्या काट्यांवर घ्यावे, कारण दोन आसनांत मिळून पाच-सहा किलोंची भर पडते आणि गुरुत्वमध्य सरकतो. नवे वजन, पट्ट्यांच्या चिठ्ठ्यांवरील तारखा आणि ओढ-चाचणीचे आकडे विमानाच्या नोंदवहीत लिहून परवानाधारक देखभाल अभियंत्याकडून सगळे सांधे तपासून घ्यावेत. पहिल्या दहा तासांच्या उड्डाणानंतर गाद्या काढून प्रत्येक नट घट्ट केल्यावर तिच्यावर मारलेली रंगाची खूण अजून जुळते का ते पाहावे, आणि दर पावसाळ्यानंतर पट्ट्यांच्या कडा बोटांत धरून पूर्ण लांबी चाचपावी. कडेचे धागे पिंजलेले, रंग उडालेला किंवा कापड ताठ झालेले हाताला लागले की तो पट्टा त्याच दिवशी काढून टाकावा.